चार बोटं नळी

आदम गावच्या शेवटच्या पेट्रोल पंपामागे आमचं वर्कशॉप.
त्यापुढे हैमापर्यंत वाळू.
खल्फान बिन सुवेद आला तो असरच्या नमाजानंतर,
बंदूक बकरीच्या केसांच्या घोंगडीत,
कमरेच्या रुमालात दोन डब्या.
बंदूक शिकारीची, पण हवेवर चालणारी,
टाकीत पंपाने हवा कोंबायची, दारूचा वास नाही.
परवान्याचं नूतनीकरण होतं.
म्हणाला, ‘उस्ता, मोजून दे.’

मोजणं म्हणजे एवढंच:
दोन डोळ्यांची एक पेटी. गोळी पहिल्यासमोरून जाते, दुसऱ्यासमोरून जाते,
मधला वेळ पेटी सांगते, वजन डबीवर लिहिलेलं असतं,
बाकीचं मी पेन्सिलीने.
हलकी गोळी, सोळा ग्रेन : सेकंदाला दोनशे ऐंशी मीटर.
कागदावरच्या आकड्याच्या आत.
जड गोळी, पंचवीस ग्रेन : दोनशे पन्नास.
हळू गेली, आणि तरी
कागदाच्या बाहेर.

खल्फानने माझ्याकडे पाहिलं, मी लबाडी करतोय असं.

मग मी त्याला अंगणात नेलं,
जिथे गुलरेजची पिकअप वाळूत रुतली होती.
रिकामी असताना ती झटकन हलते,
तुमचे हात सुटतात, ढकलायला काही उरत नाही.
सिमेंट भरलेली असली की रेटत राहावं लागतं,
आणि जेवढा वेळ रेटता
तेवढा जोर तिच्यात जातो.
नळी लांब, म्हणजे हवेचे हात लांब.
जड गोळी त्या हातांत जास्त वेळ राहते.

गुलरेज कान खाजवत म्हणाला,
‘आवाजावरनंच कळलं होतं मला. दुसरी जाड बोलली.’
त्याच्या बापानेही बंदुका कानानेच तपासल्या, पेशावरकडे.
मी पलूसच्या आयटीआयचा, माझा पेटीवर विश्वास.
उत्तर मात्र दोघांचं एकच आलं, आणि मला ते जरा टोचलं.

फॉर्मात गोळीचा रकाना नाही.
मालकाचं नाव, बंदुकीचा नंबर, एक आकडा, शिक्का.
मी हळूच म्हटलं, ‘हलकीचा आकडा लिहितो. घरी जाऊन
काय भरायचं ते भरा.’

म्हाताऱ्याने डबी मिटली.
‘मागच्या हिवाळ्यात हलकीने मारलं कोल्ह्याला.
तीन दिवस फलजच्या कडेने रक्त सापडत होतं.
चौथ्या दिवशी तो सापडला, जिवंत.
त्याला तुमचा फॉर्म वाचता येत नाही, उस्ता.
मला जडच गोळी हवी. आणि शिक्काही खराच हवा.’

म्हणून नळी लेथवर चढवली.
चार बोटं. त्याचीच बोटं धरून खूण केली,
खजुरीच्या चिकाने काळी पडलेली.
कापताना लोखंड किंचाळलं, तो दारात उभा राहिला,
पाठमोरा, सून बाळंत होत असल्यासारखा.
तोंड घासून गोल केलं, कापसाचा बोळा फिरवला,
एक तंतूही अडकला नाही, तेव्हा थांबलो.
जड गोळी : दोनशे पंचवीस.
पुन्हा : दोनशे चोवीस.
शिक्का मारला.
फॉर्मच्या समासात, कुणी विचारलं नव्हतं तरी,
गोळीचं वजन लिहिलं.

चार बोटांचा तुकडा त्याने नेला नाही.
‘ठेव तुझ्याकडे,’ म्हणाला, ‘गुन्हा तेवढाच होता.’

मी तो डोळ्याला लावून पाहतो कधीकधी.
आतले आटे वळत वळत जातात, आणि पलीकडे
नखाएवढं आकाश, बहुतेक पांढरं.
आता तो खिडकीच्या गजाला तारेने बांधलाय.
दुपारी हैमाकडचा वारा सुटतो आणि तो वाजतो,
बारीक, एका सुरात.
गुलरेज झोपेतून मान उचलतो.
‘किती भरते?’ मी विचारतो.
तो ऐकतो थोडा वेळ.
‘यात गोळी कुठाय,’ म्हणतो, आणि कूस बदलतो.